पोटाखालचं मूळ सामान ठेवू की बदलू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका वाचकाकडे १९६९ सालची क्रोम बंपरची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे, तारांच्या चाकांची. महिन्यातून एक-दोनदा ते ती चालवतात आणि पुढेमागे क्लासिक गाड्यांच्या एखाद्या स्पर्धेत न्यायचाही विचार आहे. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसलं म्हणून गाडी रॅम्पवर चढवली आणि वाद सुरू झाला. मेकॅनिक म्हणतो, खालचं सगळं काढू: पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांतल्या लवचीक बाह्या), नळीचे टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर, नवे पाटे, सगळ्याला पावडर कोटिंग आणि स्टेनलेसचे बोल्ट. जुन्या गाड्यांमध्ये मुरलेला मित्र म्हणतो, एक नटही हलवू नकोस, मूळपण गेलं की गाडीची किंमत गेली. दाराखालच्या सिलवर रंगाला फोड आलेत. पत्राच्या अगदी शेवटी ते लिहितात, ‘ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते, पण ते किरकोळ आहे. मूळ भाग ठेवू की बदलू, एवढंच सांगा.’

उत्तर:

ते किरकोळ नाही. किंमत, स्पर्धा, मूळपण या सगळ्याच्या आधी ब्रेक.

तुमच्या गाडीला ब्रेकचे तीन लवचीक होज आहेत, पुढे दोन आणि मागच्या ॲक्सलला एक. होजचं रबर बाहेरून भेगाळलं तर दिसतं, पण बऱ्याचदा ते आतून फुगतं आणि बाहेरून होज अगदी ठणठणीत वाटतो. ब्रेक दाबताक्षणी गाडी डावीकडे ओढत असेल, तर उजवी बाजू उशिरा किंवा कमी धरते आहे. पाय काढल्यावरही ओढ राहत असेल आणि डावं चाक गरम लागत असेल, तर डावीकडचं तेल परत येत नाही. पुढचं चाक उचला, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर कॅलिपरचा (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, हळूच उघडा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दोष होजमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. तरीही चाक अडलेलंच राहिलं तर पिस्टन अडकलाय.

दोष तिसऱ्या जागीही असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत तीच शक्यता आधी तपासा. तेल उजव्या मागच्या चाकाशी दिसलं आहे. हबच्या सीलमधून ते ड्रममध्ये शिरलं असेल तर त्या बाजूची लायनिंग ब्रेक धरणार नाही आणि गाडी डावीकडे जाईल. ड्रम काढून बघा. तेल प्यालेली लायनिंग पेट्रोलने धुऊन परत बसवायची चाल काही गॅरेजांत आहे. ती करू देऊ नका, दोन्ही बाजूंच्या लायनिंग एकत्र बदला. आणि सील बदलण्याआधी ॲक्सलच्या नळीवरचा छोटा ब्रीदर मोकळा आहे का ते बघा. तो चिखलाने बुजला की ॲक्सल तापल्यावर आतली हवा कोंडते आणि सीलमधूनच वाट काढते. ब्रीदर तसाच ठेवून कितीही चांगलं सील बसवलं तरी ते गळणारच. गळती पुढच्या बाजूच्या, म्हणजे पिनियनच्या (इंजिनाकडून फिरणं ॲक्सलमध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) सीलमधूनही असेल तर तिथला मोठा नट सैल करण्याआधी नट आणि शाफ्टवर खूण करून घ्या. तुमच्या गाडीच्या ट्यूब प्रकारच्या ॲक्सलमध्ये आत दबणारा स्पेसर असतो. नट जास्त आवळला तर तो आणखी दबतो, बेअरिंगवर वाजवीपेक्षा ताण येतो आणि मग गळतीपेक्षा मोठं काम निघतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मेकॅनिक आणि मित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं, पण दोघांनीही गाडीचं पोट म्हणजे एकच वस्तू धरली आहे. ‘सगळं काढा’ आणि ‘काहीच काढू नका’, दोन्ही सल्ल्यांत एकेक भाग हातात घेऊन बघायचे कष्ट वाचतात. शिवाय दोघांनीही, आणि तुम्हीही, एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: जे खाली दिसतं ते मूळच आहे.

पन्नासहून अधिक वर्षांच्या गाडीत सायलेन्सर, होज, स्टिअरिंगचे रबरी बूट, लायनिंग मूळ असण्याची शक्यता जवळपास नाही. ब्रेकच्या पायपा कारखान्यातून पोलादी येत. त्या तांबूस दिसत असतील तर कुणीतरी आधीच बदलल्यात. शॉकॲब्सॉर्बरच्या ओतीव अंगावर आर्मस्ट्राँग नाव आणि नंबर उठलेला आहे का? बोल्टच्या डोक्यांवर बनवणाऱ्याचं नाव किंवा ताकदीची खूण आहे का, आणि डावीकडचे बोल्ट उजवीकडच्यांशी जुळतात का? एखादा ब्रॅकेट सोडवून त्याच्या मागचा रंग बघा. तिथे उजेड, पाणी आणि नंतरच्या मालकांचे ब्रश पोचलेले नसतात. एक सबंध दिवस टॉर्च, चिंध्या आणि कॅमेरा घेऊन गाडीखाली काढा. त्या दिवसाअखेरीस तुमच्या ‘मूळ’ भागांची यादी बरीच आखडलेली असेल, आणि जे उरेल ते खरोखर जपण्यासारखं असेल.

मग रबर आणि तेल-पेट्रोल वाहणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढा. इथे मूळपणाचा मुलाहिजा ठेवू नका. रबर वयाने मरतं. गाडी चालवली नाही तरी मरतं. तिन्ही होज बदला. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पोलादी पाइप आतून गंजते आणि बाहेरचा रंग शाबूत असताना फुटते. नव्या पायपा तांबं-निकेल मिश्रधातूच्या घ्या, ज्यात साधारण १० टक्के निकेल असतं. ती गंजत नाही आणि हाताने वळते. निव्वळ तांब्याची पाइप मात्र कंपनांनी कडक होऊन तडकते, ती नको. जुनी पाइप तुकडे करून काढू नका. अख्खी उतरवा, तिच्या वळणांवर नवी वळवा आणि मूळच्याच क्लिपांमध्ये बसवा. पाइपच्या टोकाचा फ्लेअर, म्हणजे पसरवलेलं तोंड, जुन्यासारखाच हवा. बाहेर फुगीर आणि आत दुमडलेला असे दोन प्रकार असतात, आणि चुकीचा फ्लेअर कितीही आवळला तरी पाझरत राहतो. पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर आर-९ हा दर्जा छापलेला हवा, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या प्रतीच्या नळ्या आतून सोलून काढतं. पुढचे लॉकहीडचे कॅलिपर मात्र टाकू नका. स्टेनलेस पिस्टन आणि नवी सील घातली की ते पुन्हा वर्षानुवर्षं चालतात. त्यांचे दोन अर्धे एकमेकांपासून सोडवायचे नाहीत, एवढं बजावून सांगा.

सिलवरच्या फोडांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. आमच्या मते ब्रेकनंतर हाच या गाडीचा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. त्यात रोडस्टरला छप्परही नाही, तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम मुख्यतः दाराखालच्या सिलचं आणि मधल्या बोगद्याचं. सिल म्हणजे दिसणारा एक पत्रा नव्हे: बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल, आणि खाली दातेरी आकाराचा, कॅसल सेक्शन म्हणतात तो. गंज आतून सुरू होतो, त्यामुळे रंगाला फोड येईपर्यंत आतला पडदा बहुधा गेलेला असतो.

दार बंद करा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग गाडी एका बाजूने जॅकवर उचला आणि पुन्हा मोजा. फट बदलत असेल, दार घासू लागलं असेल, तर सिल भार घेत नाही. अशा गाडीत बुश मूळ की नवे हा वाद घालण्यात अर्थ नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द आवाज देतो. पाट्यांच्या पुढच्या टोकाचे हँगर, जॅक लावायची जागा, पुढच्या विंगचं (चाकावरच्या मडगार्डचं) खालचं टोक आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, जिथे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचं ॲसिड सांडत आलेलं असतं, या जागा सोडू नका.

सिल बदलायचा ठरला तर मेकॅनिकला एक प्रश्न विचारा: पुढच्या विंगचा खालचा भाग उघडणार का? सिल विंगच्या खालून पुढे जातो, त्यामुळे विंग न हलवता जे बसवलं जातं ते फक्त झाकण असतं. सडक्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारायचा, म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून ती जखडायची, गाडी चार ठिकाणी सारखी टेकवायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. असं केलं नाही तर नवा सिल वाकलेल्या अंगावर कायमचा जोडला जातो आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. कडेवर मूळच्या स्पॉट वेल्डचं अंतर मोजून ठेवा आणि नवे टाके त्याच अंतरावर घ्यायला सांगा. उद्या एखाद्या परीक्षकाने आरसा खाली धरलाच तर त्याला दिसेल ती हीच ओळ. इथे मूळ पत्रा जपण्याचा हट्ट नको. जेवढा निरोगी आहे तेवढा ठेवा, सडलेला काढा.

आता सस्पेन्शन. तुमच्या मित्राचं म्हणणं खरं ठरतं ते इथे.

पुढचा आर्मस्ट्राँगचा लिव्हर शॉकॲब्सॉर्बर फक्त धक्का शोषत नाही. त्याचा हात म्हणजेच पुढच्या सस्पेन्शनचा वरचा विशबोन, चाकाला गाडीशी जोडणारा दांडा. त्यामुळे ‘शॉक काढून टेलिस्कोपिक लावू’ हे पुढच्या बाजूला वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच किटमध्ये जुनं अंग बिजागरी म्हणून तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी नळीचा शॉक येतो. जुन्या शॉकच्या शाफ्टमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर तो प्ले टेलिस्कोपिक लावल्यानंतरही तिथेच राहणार. म्हणजे खर्च केला आणि मूळ दुखणं शिल्लक. मागच्या बाजूला टेलिस्कोपिक लावणं सोपं आहे. तिथे आमची कसोटी एकच: किट आहे त्याच भोकांत बोल्टने बसतं का? बसत असेल तर उद्या परत फिरवता येतं. एक जरी भोक पाडायचं किंवा ब्रॅकेट वेल्ड करायचा असेल तर नको.

जुना शॉक मेलाय की नाही हे बघण्यासाठी त्याचा हात जोडणीतून सोडवा आणि हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली फिरवा. दोन्ही दिशांना सारखा, सलग जोर लागला पाहिजे. मध्येच हात फुकट पडत असेल तर तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. शॉकचं हायड्रॉलिक तेल भरून, हात हळूहळू पूर्ण वर-खाली करत पुन्हा भरा. त्यानंतरही पोकळी राहिली, किंवा शाफ्टच्या मुळाशी तेलाचा ओला डाग परत आला, तर शॉक दुरुस्तीला द्या. पण तुमचाच शॉक दुरुस्त करून परत मिळेल अशा ठिकाणी द्या. बदलीत दुसऱ्याचा घेतलात तर नुसता डिग्रीस करून काळा रंग मारलेलाही हाती पडू शकतो. शाफ्टची बेअरिंग, सील आणि व्हॉल्व्ह यांपैकी नेमकं काय बदललं ते लिहून मागा. नीट बांधलेला लिव्हर शॉक महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीला पुरून उरतो.

किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन, तपासताना बहुतेक जण चाक वर-खाली धरून हलवतात आणि प्ले दिसला की किंगपिन गेला म्हणून मोकळे होतात. जॅक स्प्रिंगच्या पॅनखाली लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. राहिला तर किंगपिनचा किंवा शॉकच्या शाफ्टचा. कुठे हालचाल होते ते डोळ्यांनी दिसतं. बेअरिंगचा प्ले ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असणं अपेक्षित आहे आणि तो शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जमवायचा असतो. आतला स्पेसर कटकट म्हणून कुणी वगळलेला असेल तर तो आधी शोधून बसवा. त्याच्याशिवाय स्टब ॲक्सलला, म्हणजे चाक पेलणाऱ्या आखूड दांड्याला, आधार राहत नाही आणि तो वाकायला, तडकायला लागतो. किंगपिनच्या बाबतीत निम्मं दुखणं ग्रीसचं असतं. प्रत्येक बाजूला तीन निपल आहेत, दर ३,००० मैलांनी त्यांना ग्रीस द्यायचं, आणि तेही चाक उचललेलं असताना. वजन टेकलेल्या पिनमध्ये ग्रीस सगळीकडे पोचत नाही. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एखाद्या निपलातून काहीच आत जात नसेल तर निपल बदलून बघा. तरीही नवा किंगपिन लागलाच तर त्याच्या पितळी बुशना भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर फिरवावा लागतो. घासून बसवलेला किंगपिन थोड्याच दिवसांत पुन्हा खडखडतो.

बुशबाबत तुमचा मेकॅनिक अर्धा बरोबर आहे. ते बदलायचेच आहेत, प्रश्न कशाने एवढाच. रबर पिळलं जातं, पॉलियुरेथेन आपल्या नळीवर घसरतं. म्हणून त्याला ग्रीस लागतं आणि ते सुकलं की गाडी कुरकुरते. पाट्यांच्या डोळ्यांत तर ॲक्सल तिरका होताना पाटा थोडा पिळलाही जातो, आणि रबर ते सहज सोसतं. तिथे रबरच घाला. पुढच्या विशबोनसाठी सगळ्यात चांगला उपाय एमजीच्याच घरातला आहे: १९७३ ते १९७६ दरम्यानच्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये आलेले धातूला चिकटवलेल्या रबराचे बुश. ते काहीही न कापता तुमच्या गाडीत बसतात. त्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना, वजन पूर्ण पडल्यावरच शेवटचे आवळायचे. लोंबकळत्या सस्पेन्शनवर आवळले तर गाडी खाली घेताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी काढलेले फाटके रबरी बुश बघितले तर बरेचसे असेच चुकीचे आवळलेले सापडतील.

पुढची स्प्रिंग काढताना एक सावधगिरी. ती दबलेली असते आणि पॅन एकदम सुटला तर हात मोडू शकतो. पॅनचे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब, पूर्ण आटे असलेले बोल्ट घाला, मग उरलेले काढा आणि लांब बोल्ट आळीपाळीने सैल करत पॅन खाली आणा.

पाटे नवे घ्यायची घाई नको. एमजीबीसाठी मिळणारे काही नवे पाटे वाजवीपेक्षा कडक किंवा जास्त कमानीचे असतात. ते बसवले की गाडीचं बूड वर उचललेलं दिसतं आणि ती तशीच राहते. आधी सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. पान तुटलेलं नसेल आणि फक्त कमान बसली असेल, तर पाट्यांची कामं करणाऱ्याकडून जुन्याच पाट्याला कमान देऊन घ्या. यू-बोल्ट आणि त्यांचे लॉकनट मात्र नवे.

यातून मेकॅनिकचं दुसरं गृहीतक पुढे येतं, की नवा भाग म्हणजे चांगला भाग. जुन्या गाड्यांसाठी आज बनणाऱ्या भागांत रबराची प्रत फार खालीवर होते. स्टिअरिंगचे बूट वर्षा-दोन वर्षांत चिरतात. म्हणून नवा भाग आल्यावर जुना फेकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा, व्हर्नियरने मापं घ्या, वजन करून बघा. जाड लोखंडाचे जुने भाग, म्हणजे क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन पेलणारी आडवी तुळई), विशबोनचे हात, हब, ॲक्सलचं अंग, तडकलेले किंवा वाकलेले नसतील तर त्यांना पर्याय शोधूच नका. त्यांच्यावरचा तपकिरी थर हा रोग नाही. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यावरचा फोड हा रोग आहे. तारांच्या चाकांचे दाते मात्र झिजतात: चाक उचलून ब्रेक दाबून धरायला लावा आणि चाक पुढे-मागे हिसडा. खट्ट वाजलं तर दाते गेले, आणि मग हब आणि चाक जोडीनेच बदलायचे. झिजलेला हब नवं चाक खातो.

पावडर कोटिंग आणि स्टेनलेस बोल्ट या दोन गोष्टींना आमचा स्पष्ट नकार. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉन असतो. दोन कोटिंग केलेले भाग बोल्टने आवळले की थर हळूहळू दबतो आणि बोल्ट आपोआप सैल होतो. दगड लागून टवका उडाला तर पाणी थराखाली पसरतं आणि वरून काही कळत नाही. आणि तो भाजण्यासाठी १८० ते २०० अंश तापमान लागतं. बुश न काढता भाग भट्टीत घातला तर रबर गेलं. त्याऐवजी इपॉक्सी प्रायमर आणि वर अर्धचकाकी काळा रंग. जिथे भाग एकमेकांवर बसतात तिथे रंग पातळ ठेवा.

साधा ए-२ दर्जाचा स्टेनलेस बोल्ट साधारण ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जाऊ लागतो, ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात. नंबर प्लेटला खुशाल लावा, सस्पेन्शनला आणि ब्रेकला नको. तुमच्या गाडीत बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंचांच्या मापाचे बारीक, आहेत. ‘जवळपास बसतोय’ म्हणून मेट्रिक बोल्ट घुसवू देऊ नका. जुने बोल्ट साफ करून झिंक प्लेटिंगला देणार असाल तर एक धोका माहीत असू द्या. उच्च ताकदीचं पोलाद ॲसिडमध्ये बुडवलं किंवा त्यावर विजेने मुलामा चढवला की त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजून तो बाहेर काढावा लागतो. प्लेटिंगवाल्याला हे माहीत नसेल तर त्याला फक्त ब्रॅकेट आणि क्लिपा द्या. स्प्रिंगा आणि पाटे कधीच ॲसिडमध्ये घालू नका.

खालचं डांबरी अंडरसील जिथे घट्ट चिकटलं आहे तिथे राहू द्या, सुटलेलं तेवढं खरवडा, कारण सुटलेल्या थराखालीच पाणी साठतं. वाळूचा मारा पोटाखाली नको. पातळ पत्रा वाकतो आणि वाळू सिलमध्ये जाऊन बसते. परवडत असेल तर कोरड्या बर्फाचा मारा करून घ्या. उणे ७८.५ अंशांचे ते दाणे घाण उडवतात आणि स्वतः वायू होऊन जातात. धातूला इजा होत नाही, आणि त्याखाली कारखान्यातल्या तपासनिसाचे रंगाचे ठिपके असतील तर तेही बहुधा वाचतात. असे ठिपके सापडले तर आधी फोटो, मग त्यावर पारदर्शक मेण. सिलच्या पोकळीतही मेण मारा, पण पाणी निघायची भोकं त्यानंतर तारेने मोकळी करा.

काढलेल्या भागांचं काय? जुन्या गाड्यांच्या संघटनांची जागतिक शिखर संस्था फिवा हिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा रोख असा आहे की दुरुस्ती कमीत कमी करा, ती नोंदवून ठेवा आणि नवा भाग ओळखू येऊ द्या. घरगुती पातळीवर त्याचा अर्थ साधा आहे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवीत चिठ्ठी: कोणती बाजू, कोणत्या क्रमाने वॉशर होते, का काढला. लोखंडी भागांना मेणतेल पुसून कोरड्या पेटीत ठेवा. जुने होज आणि बुश फोटो काढून टाकून द्या, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी ते ‘मूळ’ म्हणून परत बसवायचा. गाडीच्या किमतीची मित्राला चिंता आहे, तर पुढच्या खरेदीदाराला न हलवलेल्या नटांपेक्षा हीच पेटी आणि वही जास्त पटेल. स्पर्धेचं म्हणाल तर आधी तिथले नियम आणि वर्ग वाचा. मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्या आणि नव्याने उभ्या केलेल्या गाड्या बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या तपासल्या जातात, आणि अर्धवट चकचकीत केलेलं पोट दोन्हीकडे मार खातं.

मेकॅनिकला त्याचा अंदाजपत्रकाचा कागद नव्याने लिहायला सांगा. आधी ब्रेक, मागची गळती आणि पेट्रोलच्या नळ्या. तोवर गाडी रस्त्यावर नको. मग सिल उघडून तपासणी, आणि तिथे काय निघतं ते बघितल्याशिवाय सस्पेन्शनचा एकही भाग मागवू नका, कारण पैसा कुठे जाणार ते सिलच ठरवेल. सस्पेन्शन शेवटी, आणि एका वेळी एक बाजू, म्हणजे जोडताना दुसरी बाजू समोर असते. सगळं बसल्यावर पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या असण्याचं माप, १/१६ ते ३/३२ इंचांवर आणा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि यू-बोल्ट, क्रॉसमेंबरचे बोल्ट आणि ब्रेकचे सांधे पुन्हा तपासा. मागच्या उजव्या ड्रमच्या आतून बोट फिरवा. ते कोरडं आलं पाहिजे.